साहेबाच्या वहीत आपला माणूस किती ओळींचा

प्रश्न असा आलाय: एम.ए.ला पोस्टकलोनियल, म्हणजे वसाहतीच्या राज्याचा अनुभव सांगणाऱ्या, कादंबरीचा पेपर आहे, वसाहतवाले स्थानिक लोकांना कमी लेखायचे हे या कादंबऱ्यांत कसं दाखवलंय हा प्रश्न दरवेळी येतो, आणि माझ्या उत्तरात अत्याचार केले, गुलाम केलं, संस्कृती संपवली याच्यापुढं गाडीच जात नाही, तर नेमकं लिहायचं काय?

मी तालुक्याच्या कॉलेजात २६ वर्षं हेच शिकवत आले आणि खरं सांगते, तुझ्यासारखी उत्तरं मी शेकड्यांनी तपासली आहेत. चूक एकच असते. पोरं कादंबरीत चाबूक शोधतात. चाबूक सापडला की उत्तर लिहून मोकळी होतात. चाबूक असतोच, नाही असं नाही, पण चांगला लेखक चाबकावर फार वेळ थांबत नाही. माणूस खालचा आहे हे आधी कुठंतरी ठरलेलं असतं, लिहून ठेवलेलं असतं, आणि मग चाबूक येतो. म्हणून मी वर्गात पहिल्याच तासाला सांगायचे की कादंबरी उघडली की आधी बघा, यात लिहितंय कोण. लेखक सोडून म्हणतेय मी. कथेच्या आत हातात वही घेऊन कोण बसलंय ते बघा.

आता हे उदाहरणानं सांगते. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट', १९५८ साली आलेली, तुझ्या सिलॅबसला असणारच. नायजेरियातल्या इग्बो लोकांचं उमुओफिया नावाचं गाव, तिथला पैलवान, कष्टाळू, रागीट माणूस ओकोन्क्वो. २५ प्रकरणं आपण त्याच्यासोबत राहतो. त्याची शेती, त्याचा कर्जबाजारी बासरीवाला बाप, तीन बायका, याम या कंदाचं पीक, त्याचं चुकणं, सात वर्षांसाठी गावाबाहेर काढलं जाणं, सगळं. शेवटच्या प्रकरणात त्यानं गळफास घेतलाय आणि इंग्रज डिस्ट्रिक्ट कमिशनर शिपाई घेऊन त्याला पकडायला आलाय. ओकोन्क्वोचा जिवलग मित्र ओबिएरिका साहेबाला म्हणतो, तो जिथं आहे तिथं आम्ही नेतो तुम्हाला, कदाचित तुमची माणसं आमच्या मदतीला येतील. साहेबाला हे कळतच नाही. तो मनात म्हणतो की या लोकांची ही फालतू जास्तीचे शब्द वापरायची सवय फार डोक्यात जाते.

इथं थांब आणि पुस्तकाची पहिली काही पानं परत काढ. तिथं अचेबेंनी सांगून ठेवलंय की इग्बो लोकांत बोलण्याच्या कलेला फार मान आहे आणि म्हणी म्हणजे शब्द ज्या तेलात बुडवून खायचे ते तेल. तेलाशिवाय घास उतरत नाही तसं म्हणीशिवाय बोलणं नाही. म्हणजे सुरुवातीला जी कला होती तीच शेवटी साहेबाच्या कानाला फालतू बडबड वाटते. बोलणं तेच आहे, ऐकणारा बदलला. माणसाला कमी लेखणं म्हणजे काय याचं यापेक्षा नेमकं चित्र मला तरी दुसरीकडं सापडलेलं नाही, आणि यात कुणी कुणाला हातसुद्धा लावलेला नाही.

आणि त्या वाक्यात खरंच अर्थ होता हे पुढं कळतं. इग्बो रीतीप्रमाणं आत्महत्या हा धरतीचा अपराध, असा देह गावच्या माणसांनी शिवायचा नसतो, परक्यांनीच उतरवायचा. म्हणून ओबिएरिका मदत मागत होता. हे ऐकल्यावर साहेबात एक बदल होतो तो बघ, आतापर्यंतचा कडक अधिकारी जातो आणि आदिम चालीरीतींचा अभ्यासक जागा होतो. त्याला कुतूहल वाटतं. दुःख नाही वाटत, लाजही नाही, कुतूहल. मग तो माणसांना सांगून निघतो, कारण झाडावरून प्रेत उतरवण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीला साहेबानं थांबलं तर नेटिव्हांच्या नजरेत त्याची किंमत कमी होईल असं त्याला वाटतं. आणि चालता चालता तो स्वतःच्या पुस्तकाचा विचार करतो. या माणसावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल, प्रकरण नाही तर निदान एक बऱ्यापैकी परिच्छेद. पुस्तकाचं नावही त्यानं पुष्कळ विचार करून ठरवून ठेवलंय, खालच्या नायजर नदीकाठच्या आदिम टोळ्यांना शांत करण्याची हकीकत अशा अर्थाचं. तिथं कादंबरी संपते.

२५ प्रकरणांचा माणूस एका परिच्छेदात बसवला. मी हे पान पहिल्यांदा शिकवलं तेव्हा वर्ग इतका गप्प झाला होता की मी पुढचं बोललेच नाही, घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिले.

उत्तरात हे पान येऊ दे, पण तिथं थांबू नको. याच लेखकाची १९६४ची 'अॅरो ऑफ गॉड' घे. तिथं पुढच्या पिढीतला एक नवखा इंग्रज अधिकारी, क्लार्क, नोकरीवर रुजू झाल्यावर एक पुस्तक वाचत बसलेला दिसतो, आणि पुस्तक कुठलं तर तेच, टोळ्यांना शांत करण्याची हकीकत. पहिल्या कादंबरीत ते साहेबाच्या डोक्यात होतं, दुसऱ्यात छापून आलंय आणि पोरं ते वाचून राज्य करायला शिकतायत. तो परिच्छेद आता ट्रेनिंगचं साहित्य झालाय. याच कादंबरीत राइट नावाचा गोरा रस्ता बांधून घेतोय, गावच्या तरुणांकडून बिनपगारी, आपल्याकडं वेठ म्हणायचे तशी, आणि कामावर उशिरा आला म्हणून गावच्या मुख्य पुजाऱ्याच्या, एझेउलूच्या पोराला तो चाबकानं मारतो. हा बघ इथं आला चाबूक. पण तो पुस्तकानंतर आला. हे नातं उत्तरात दाखवलंस ना, तर तपासणाऱ्याला कळेल की तू वाचून लिहिलंयस.

ही वहीची गोष्ट अचेबेंनी हवेतून आणलेली नाही. जोसेफ कॉन्रॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस', १८९९ सालची, तिच्यात कुर्ट्झ नावाचा हस्तिदंताचा व्यापारी कांगोच्या आत बसलाय आणि त्यानं रानटी चालीरीतींच्या निर्मूलनावर एक अहवाल लिहिलाय, फार सुंदर भाषेत, आणि त्याच्या शेवटी नंतर कधीतरी खरडलेली एक ओळ आहे, सगळ्या जनावरांना संपवून टाका अशा अर्थाची. कॉन्रॅडनं बेल्जियमच्या लुटीची घाण दाखवली हे खरं आहे आणि ते श्रेय त्याला द्यायला हवं. पण अचेबेंनी १९७५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्याख्यान दिलं आणि स्पष्ट म्हणाले की हा माणूस वंशवादी होता. त्यांचा मुद्दा असा होता की अख्ख्या पुस्तकात आफ्रिकन माणसांना भाषाच दिलेली नाही, एकदोनदा तोंड उघडतात तेही मोडक्यातोडक्या तुकड्यांत, एरवी नुसते आवाज, हातपाय, डोळे. गोऱ्यांच्या लुटीवर टीका करणाऱ्या पुस्तकातसुद्धा काळा माणूस सामानासारखाच राहिला. मी स्वतः हे व्याख्यान वाचायच्या आधी 'हार्ट ऑफ डार्कनेस' पाच-सहा वेळा वाचलं होतं, मला कधी दिसलंच नव्हतं, आणि ते मला फार लागलं होतं.

आता न्गुगी वा थिओंगो, केनियाचे, २०२५च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या १९६७च्या 'अ ग्रेन ऑफ व्हीट'मध्ये जॉन थॉम्पसन नावाचा इंग्रज अधिकारी आहे. तरुणपणी हा माणूस आदर्शवादी असतो, इंग्रजी साम्राज्य म्हणजे सगळ्या वंशांना माणूस म्हणून घडवणारी मोठी कल्पना असं त्याला मनापासून वाटतं. तोही पुस्तक लिहितोय! त्याचं नाव 'प्रॉस्पेरो इन आफ्रिका'. प्रॉस्पेरो म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातला, बेटावर जाऊन तिथल्या मूळ माणसाला नोकर करणारा. आणि हाच थॉम्पसन पुढं रिरा नावाच्या छावणीचा प्रमुख होतो, तिथं अकरा कैदी मारहाणीत मरतात. हे अकरा कुठून आले? ३ मार्च १९५९ला केनियातल्या होला छावणीत काम करायला नकार दिला म्हणून अकरा कैद्यांना पहारेकऱ्यांनी मारून टाकलं होतं आणि सरकारनं आधी जे जाहीर केलं त्यात ते पाणी प्यायल्यावर मेले असं म्हटलं होतं. मेलेल्यांचं मरणसुद्धा साहेबाच्याच वहीत लिहिलं गेलं. ही घटना उत्तरात घाल, कादंबरीतलं काल्पनिक आणि खरं घडलेलं यांचा सांधा दाखवता येतो.

थॉम्पसनबद्दल अजून एक. पोरं लिहितात की तो क्रूर होता. असं नको लिहू. न्गुगींनी मुद्दाम त्याला सुरुवातीला भला दाखवलाय. दुसऱ्याला घडवायचा हक्क मला आहे असं ज्याला वाटतं तो समोरचा घडायला तयार नसला की कुठपर्यंत जातो, ते दाखवायचंय त्यांना. 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधला पहिला पाद्री मिस्टर ब्राऊन हाही असाच, फार गोड माणूस, गावातल्या जाणत्या माणसाशी बसून देवाबद्दल तासन्‌तास बोलतो. पण त्या गप्पांतून तो निष्कर्ष काय काढतो तर यांच्या धर्मावर थेट हल्ला करून जमणार नाही, म्हणून शाळा काढू, दवाखाना काढू. त्याच्यानंतर येतो मिस्टर स्मिथ, याला सगळं काळं किंवा पांढरं दिसतं. पोरांना स्मिथवर लिहायला सोपं जातं. मी ब्राऊनवर लिहिणाऱ्याला जास्त मार्क द्यायचे.

मधल्या माणसांकडंही बघ. साहेब एकटा काही करू शकत नाही, त्याला भाषाच येत नाही. कोर्टाचे शिपाई, लोक त्यांना कोत्मा म्हणतात, त्यांच्या राखाडी चड्ड्यांवरून त्यांना एक शिवीवजा नाव पडलेलं. उमुओफियाच्या सहा मोठ्या माणसांना साहेब बोलणी करायला बोलावतो आणि बेड्या घालतो. कोठडीत त्यांची डोकी भादरतात ती या शिपायांनीच. साहेबानं दंड लावलाय कवड्यांच्या २०० पोत्यांचा, शिपाई गावात जाऊन सांगतात २५०. वरची ५० कुणाच्या खिशात ते सांगायला नको. आपल्याकडं कचेरीच्या पायरीवर उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. भादरलेल्या डोक्यांनी ती सहा माणसं घरी येतात तेव्हा वाटेत कुणी त्यांच्याशी बोलत नाही, बायकापोरंसुद्धा घाबरून बाजूला होतात. ओकोन्क्वो त्या रात्री सूडाचाच विचार करत पडून राहतो.

ही सगळी झाली साहेबाची वही. उलटं बघायचं असेल तर फर्दिनां ओयोनो या कॅमेरूनच्या लेखकाची फ्रेंच कादंबरी, १९५६ची, इंग्रजीत 'हाउसबॉय' नावानं मिळते, छोटीशी आहे, दोन बैठकीत होते. तुंडी नावाचा पोरगा. पाद्री गावात येऊन पोरांपुढं साखरेचे खडे फेकतो, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे, आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. त्या साखरेपायी तुंडी घर सोडून पाद्र्याकडं जातो आणि पुढं फ्रेंच कमांडंटच्या घरी नोकर होतो. पाद्र्याकडं तो लिहायला शिकतो आणि डायरी ठेवायला लागतो, अख्खी कादंबरी म्हणजे ती डायरी. म्हणजे इथं वही नोकराच्या हातात आली. आणि नोकर काय बघतो तर साहेबाला आंघोळ करताना बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की साहेबाची सुंता झालेली नाही. तुंडीच्या समाजात सुंता म्हणजे पोराचा पुरुष होणं. त्या क्षणी साहेबाची भीती जाते. मॅडमचं, म्हणजे कमांडंटच्या बायकोचं, बाहेर प्रकरण चाललंय हे सगळ्या नोकरांना माहीत, आणि त्यांना हे माहीत आहे असं मॅडमला कळलं की तिला तुंडीची नजर सहन होत नाही. खालच्या माणसानं बघायचं नसतं ना, त्यानं फक्त दिसायचं असतं, तेही बोलावलं तर. तुंडीला त्या बघण्याची किंमत जिवानं द्यावी लागते.

दक्षिण आफ्रिकेचे लेखक कूट्सी यांच्या 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स'मध्ये (१९८०) तर कागदही राहिलेला नाही. कर्नल जोल नावाचा अधिकारी कैद्यांच्या उघड्या पाठींवर धूळ चोळतो, कोळशानं 'शत्रू' असं लिहितो आणि ते अक्षर घामानं रक्तानं धुऊन जाईपर्यंत त्यांना मारायला लावतो. आधी लिहायचं, मग मारायचं. मी वर म्हटलं त्याचं इतकं उघड चित्र दुसरं नाही. त्यावर जास्त लिहायची गरज नाही, ते एक दृश्य पुरेसं आहे.

आता जी गोष्ट गाईडमध्ये अजिबात नसते ती सांगते, आणि ही मला माझ्या एका विद्यार्थ्यानं शिकवली. अचेबेंच्या कादंबरीत ओसू नावाचे लोक आहेत. देवाला वाहिलेले, पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढलेले. त्यांच्याशी लग्न करायचं नाही, त्यांनी वेगळ्या जागी राहायचं, डोक्याला वस्तरा लावायचा नाही, गावच्या सभेत यायचं नाही, मेले की वाईट रानात पुरायचं. मिशनचं चर्च आल्यावर हे ओसू तिथं येतात, तर आधी ख्रिस्ती झालेले गावकरीच म्हणतात यांना आत घेऊ नका. तेव्हा किआगा नावाचा शिक्षक, तो इग्बोच आहे, गोरा नाही, तो त्यांना आत घेतो आणि सांगतो, आधी केस कापा. वर्गात हे वाचून झाल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, पालावर वाढलेला, उठला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही सगळे ओकोन्क्वोच्या बाजूनं वाचताय, मी ओसूच्या बाजूनं वाचलं, मला चर्च आल्याचं वाईट नाही वाटलं.

मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. नंतर विचार केला तेव्हा वाटलं की अचेबेंना हा वाचक हवाच होता, नाहीतर त्यांनी ओसू, आणि जन्मल्या जन्मल्या रानात टाकून दिलेली जुळी पोरं, इतक्या स्पष्टपणे लिहिलीच नसती. साहेब आपल्याला एकजात खालचे म्हणतो, त्याला उत्तर म्हणून आम्ही एकजात थोर होतो असं लिहिणारा लेखक साहेबाचीच वही उलटी धरतो. आपल्या महाराष्ट्राला तर हे नवीन नाही, जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, बंदुकीचा रोख कुठं होता ते तुला माहीत आहे. म्हणून उत्तर लिहिताना स्थानिक लोक असा एकच गठ्ठा करू नको. कुठले स्थानिक, कुणाच्या नजरेतून, हे विचार.

आणि त्या मुलानं मला दुसरंही दाखवलं. त्याच्या जमातीला इंग्रजांनी कायद्यानं गुन्हेगार ठरवलं होतं, १८७१चा तो कायदा आधी उत्तरेत आणि पुढं आपल्याकडंही आला, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली, हजेरी लावली, आणि देशभर तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. जन्मलेलं पोर सरकारी कागदात चोर. जुन्या मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स कधी लायब्ररीत काढून बघ, जातीच्या जाती चार-पाच विशेषणांत संपवल्यात, कष्टाळू, काटकसरी, अस्वच्छ, पुढची जात. अचेबेंच्या साहेबाचा परिच्छेद मी तिथं मराठी नावांसकट वाचलाय. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) कादंबरी नाही, आत्मकथन आहे, तुझ्या उत्तरात कदाचित बसणार नाही, पण ज्याला एका ओळीत गुंडाळलं त्यानं स्वतः आख्खं पुस्तक लिहिलं म्हणजे काय होतं ते कळायला वाच जरूर.

भाषेचाही मुद्दा येऊ दे. न्गुगींनी स्वतःच्या शाळेबद्दल लिहून ठेवलंय की गिकुयूत, म्हणजे आपल्या मातृभाषेत, बोलताना सापडलेल्या पोराला छड्या मिळायच्या नाहीतर गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवायचे. पुढं १९७७च्या अखेरीस त्यांना अटक झाली ती गिकुयूत, गावच्या लोकांबरोबर नाटक केलं म्हणून, आणि अटक करणारं सरकार स्वतंत्र केनियाचं होतं, इंग्रजांचं नाही. तुरुंगात टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. माझ्या भाचीच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. ती घरी येऊन आईला हळू आवाजात मराठीतून विचारायची, इथं चालतं ना? न्गुगी शिकवताना मला दरवेळी तिचा तो आवाज आठवायचा.

तर तुझ्या उत्तरासाठी. पाच-सहा कादंबऱ्यांची नावं टाकू नको, दोनच घे, पण त्यातली पानं सांग. प्रत्येकीत वही कुणाच्या हातात आहे ते पकड. कुणाला नाव आहे आणि कुणाला नुसता 'बॉय' किंवा 'नेटिव्ह' म्हटलंय ते मोज. फ्रेंच लेखक काम्यूच्या 'द स्ट्रेंजर'मध्ये (१९४२) समुद्रकिनाऱ्यावर मारला गेलेला माणूस शेवटपर्यंत नुसता 'अरब' आहे, त्याला मुसा हे नाव मिळायला २०१३ साल उजाडावं लागलं, कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकानं त्याच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली तेव्हा. कुणाची वाक्यं पूर्ण आहेत, कुणाची तुटकी, तेही बघ. आणि साहेब भला असेल तर त्याला सोडून देऊ नको, त्याच्याच शेजारी बसून लिही.

थिअरीची मोठी नावं शेवटी घाल, सुरुवातीला नको, तपासणारा कंटाळलेला असतो. आज रात्री 'थिंग्ज फॉल अपार्ट'ची शेवटची दोन प्रकरणं परत वाच, आणि ओबिएरिका साहेबाकडं वळून बोलतो, हा आमच्या गावातला थोर माणूस होता, तुम्ही त्याला मरायला लावलंत, आणि मग त्याचा घसा दाटतो, पुढचे शब्द येत नाहीत, तिथं पेन्सिलनं खूण कर. त्यावर एक शिपाई त्याला ओरडून गप्प बस म्हणतो. तुझ्या उत्तराचं पहिलं वाक्य तिथूनच लिहायला घे.